घरात केला तर छळ, ठाण्यात केली तर चौकशी?

मराठी वर्तमानपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे छापून येते : 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' बातमीदार बदलतो, गाव बदलते, गुन्हा बदलतो. वाक्य तेच राहते. खाक्या दाखवला म्हणजे नेमके काय केले, हे बातमीदार विचारत नाही आणि वाचणाऱ्यालाही विचारावेसे वाटत नाही. 'बरी जिरली' असेच बहुतेकांना वाटते.

त्याच पानावर खाली दुसरे एक वाक्य असते : 'माहेरहून पैसे आणावेत म्हणून विवाहितेचा छळ.' इथे मात्र छळ हा शब्द येतो. तो आपोआप आलेला नाही. पन्नास वर्षांपूर्वी याच बातमीत 'घरगुती कारणावरून' आणि 'स्टोव्हचा भडका उडून' एवढेच असायचे. बायकोला उपाशी ठेवणे, रात्रभर दाराबाहेर उभे करणे, 'पोर तुझ्यापासून तोडीन' अशी धमकी देणे, याला छळ म्हणायचे असते हे चळवळीने मोर्चे काढून, कायदा करायला लावून, कोर्टात खेपा घालून समाजाच्या गळी उतरवले. हा शब्द बायकांनी कमावला आहे.

म्हणून आपल्याच मैत्रिणींना मला एक प्रश्न विचारायचा आहे. हा शब्द पोलीस ठाण्याच्या पायरीशी येऊन का थांबतो? उपाशी ठेवणे, झोपू न देणे, पोराच्या जिवाची भीती घालणे हे सासरच्या घरात छळ असेल, तर खाकी कपड्यातल्या माणसाने केले म्हणून ते 'कसून चौकशी' कसे होते? माझ्या मते होत नाही. तो छळच आहे, आणि अंगावर वळ उठले नाहीत तरीही छळच आहे.

बसवून ठेवणे

पट्टा, टायर, उलटे टांगणे यांविषयी मी इथे फार लिहिणार नाही. तो छळ आहे हे पोलीसही चारचौघांत नाकारत नाहीत. 'आम्ही तसे केलेच नाही' एवढेच ते म्हणतात. वाद आहे तो त्याच्या अलीकडच्या प्रकारांबद्दल. आमच्या भागात त्याला एक साधा शब्द आहे : बसवून ठेवणे. 'त्याच्या बायकोला बसवून ठेवलंय.' हे वाक्य वाटूर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणीही सहज बोलून जाते. ऐकणारा 'का?' असेही विचारत नाही. नवरा सापडत नसेल, म्हणून बायको. मुलगा सापडत नसेल, म्हणून आई.

एका वस्तीवरच्या बाईचे उदाहरण देते. तिचे नाव लिहीत नाही, वस्तीचे नाही आणि ठाण्याचेही नाही. तिच्या नवऱ्यावर विहिरीवरच्या मोटारी चोरल्याचा संशय होता. तो घरी नव्हता. दिवस मावळल्यावर हिला दोन वर्षांच्या पोरासकट ठाण्यात नेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडले. या अवघ्या वेळात तिला कुणी बोट लावले नाही. फरशीवर बसवले. डुलकी लागली की टेबलावर काठी आपटायची. पोर रडायला लागले की 'नवऱ्याचा पत्ता सांग, मग दूध' असे म्हणायचे. पहाटेच्या सुमारास सांगितले की, 'आता तुझ्या धाकट्या बहिणीलाही आणतो.' बहीण पंधरा वर्षांची. ही धमकी कशाची होती, हे आपल्याला फोड करून सांगायला नको.

दुपारी नवरा आपल्या पायाने हजर झाला. त्याने तीन मोटारी कबूल केल्या. वस्तीवर त्यातली एकही सापडली नाही.

आम्ही चौघीजणी जाब विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, 'मारलं का तिला? विचारा तिलाच. चहा पाजला बाई आम्ही.' दवाखान्यात तपासणीच्या कागदावर लिहून आले : जखम नाही. ठाण्यातल्या नोंदीत तर ती बाई आलेलीच नव्हती.

बसवून ठेवण्याची खरी सोय इथेच आहे. अटक झाली तर कायद्याची चाके फिरू लागतात. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिल्याप्रमाणे अटकेचा कागद करावा लागतो, नातेवाइकाला कळवावे लागते, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावी लागते. बसवून ठेवलेल्या बाईला यातले काहीच लागू होत नाही, कारण कागदावर ती कुणीच नाही. आरोपी नाही, साक्षीदार नाही, अटकेत नाही. ती फक्त फरशीवर आहे.

आणि असे कुणाला बसवतात? गावातल्या बड्या घरच्या सुनेला नाही. ज्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले त्यांच्या बायकांना, दलित वस्तीतल्या, मुसलमान मोहल्ल्यातल्या बायकांना. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ठाण्याच्या फरशीला ते अजून कळलेले नाही.

'खूण कुठे आहे?'

'जखम नाही, म्हणजे छळ नाही' हा युक्तिवाद आपण पहिल्यांदा ऐकत नाही. आपली चळवळ उभी राहिली तीच या युक्तिवादाच्या विरोधात. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीला रात्री जबाबासाठी नेले होते. म्हणजे तीही चौकशीच होती. तिच्यावर ठाण्याच्या आवारात बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले; सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. तिच्या अंगावर झटापटीची खूण नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८० पासून देशभर बायका रस्त्यावर आल्या. दोन पोलिसांच्या ताब्यात, रात्रीच्या वेळी, बंद दाराआड असलेली मुलगी भीतीने गोठून जाते. अंगावर ओरखडा नसणे ही तिची संमती नसते, असे आपण ठणकावून सांगितले.

भीतीने अंग गोठते हे तेव्हा आपल्याला कळले होते. मग भीतीने जीभ सैल होते, हे कळायला वेगळी बुद्धी लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इथे बऱ्याच जणी गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कबुलीसाठी दुखापत करणे हा आपल्या देशात १८६० पासून गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेचे कलम ३३० आणि ३३१, आजच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १२०. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा. कायद्यानेच कलमाखाली उदाहरण दिले आहे : पोलीस अधिकारी एखाद्याने गुन्हा कबूल करावा म्हणून त्याला यातना देतो, तो या कलमाखाली दोषी आहे. शिवाय ज्याला दुखापत केली त्याच्याचकडून कबुली हवी असे नाही. त्याच्याशी संबंध असलेल्या दुसऱ्या कुणाकडून हवी असेल तरी गुन्हा होतो. म्हणजे नवऱ्यासाठी बायकोला मारणे यात येते.

पण गोम 'दुखापत' या शब्दात आहे. कायद्याने दुखापतीची व्याख्या केली ती शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता अशी. मनाचा त्यात पत्ता नाही. झोपेवाचून काढलेली रात्र, भुकेले पोर, बहिणीची भीती या व्याख्येत बसवायची तर वकिलाला घाम गाळावा लागतो.

याउलट कलम ४९८-अ पाहा. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या या कलमात क्रूरतेची व्याख्या करताना जीव, अवयव किंवा आरोग्य यांना धोका असे म्हणून कंसात स्पष्ट सांगितले आहे : मानसिक वा शारीरिक. आज ते न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तर शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसेत धरला. म्हणजे घराच्या चार भिंतींत बाईच्या मनाला कायद्याने किंमत दिली आणि ठाण्याच्या चार भिंतींत दिली नाही. एकच बाई, एकच रात्र, एकच धमकी. नवऱ्याने दिली तर गुन्हा, जमादाराने दिली तर तपास.

शब्दांचे खेळ

छळाला दुसरे नाव देण्याची युक्ती काही आपल्याच पोलिसांची नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ साली ब्रिटिशांनी धरलेल्या लोकांना भिंतीला टेकवून तासन्‌तास उभे केले, डोक्यावर पिशव्या घातल्या, कानठळ्या बसवणारा आवाज सोडला, झोप आणि अन्न तोडले. युरोपच्या मानवी हक्क आयोगाने १९७६ मध्ये याला छळ म्हटले. पण न्यायालयाने १९७८ मध्ये ते अमानुष आणि मानहानीकारक आहे, मात्र 'छळ' या शब्दापर्यंत पोचत नाही असा निकाल दिला. त्या एका पायरीच्या फरकाचा पुढे जगभर वापर झाला. अमेरिकी न्यायखात्याच्या ऑगस्ट २००२ च्या टिपणाने तर, अवयव निकामी होताना किंवा मरताना होते तेवढी वेदना झाली तरच तो छळ, अशी व्याख्या केली. मग माणसाचे डोके खाली करून तोंडावर पाणी ओतणे ही 'पद्धत' ठरली. २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीचा अहवाल आला तेव्हा निष्पन्न झाले की, या पद्धतींतून मिळाली असे सांगितलेली माहिती एकतर आधीच हाती होती किंवा खोटी होती.

आपल्याकडच्या न्यायालयांनी या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे, हे अभिमानाने सांगावे असे आहे. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना पोलिसांनी ठाण्यात चौकशीला बोलावले, त्या खटल्यात १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले की, सक्ती म्हणजे केवळ काठी नव्हे; मानसिक यातना, दबावाचे वातावरण, थकवून टाकणारी लांबलचक प्रश्नावली, धाकदपटशा हीसुद्धा सक्तीच. बाईला ठाण्यात बोलावणेच मुळात कायद्याविरुद्ध होते, हेही त्याच निकालात आहे. पुढे नार्को चाचणीचे फॅड आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये तिला हिरवा कंदील दाखवला होता. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० च्या सेल्वी निकालात संमतीवाचून अशी चाचणी करणे घटनाबाह्य ठरवले. सुई टोचून शुद्ध हरपवण्यात वळ कुठे उठतो? तरीही न्यायालयाने तिला क्रूर, अमानुष वागणूक म्हटले. मग झोप तोडून शुद्ध हरपवली तर वेगळे काय झाले?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारातही शारीरिक किंवा मानसिक तीव्र यातना असे शब्द आहेत, आणि तिऱ्हाइताकडून माहिती काढण्यासाठी दिलेल्या यातनाही त्यात धरल्या आहेत. फरशीवरच्या त्या बाईचे वर्णन कराराने केले आहे. भारताने या करारावर ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली. तो मान्य करून अमलात आणण्याचे पाऊल मात्र उचललेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केले. राज्यसभेत ते निवड समितीकडे गेले आणि पुढे विरून गेले. विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला. तोही धूळ खात आहे. गंमत म्हणजे २०१० च्या विधेयकात छळाची व्याख्या करताना जे शब्द वापरले, ते 'जीव, अवयव किंवा आरोग्य, मानसिक वा शारीरिक' असे जवळजवळ ४९८-अ मधलेच होते. आपण घरासाठी मिळवलेले शब्द सरकारच्या मसुद्यात पोचले होते. त्यांच्यासाठी आपण मोर्चा काढला नाही.

'मग गुन्हे उघडकीस कसे येणार?'

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणाऱ्या मैत्रिणी आहेत, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीच घातली, कारण आपले पोलीस कबुली कशी मिळवतात हे त्यांना चांगले ठाऊक होते. नव्या साक्ष्य अधिनियमातही ती आहे. पळवाट एकच : कबुलीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. त्या पळवाटेतूनच मारहाण आत येते. आणि महाराष्ट्रात १९९९ च्या मोक्का कायद्याने अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुलीही ग्राह्य धरली.

परिणाम पाहा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे गेली. खटला मोठ्या प्रमाणात मोक्काखालच्या कबुल्यांवर उभा राहिला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले आणि कबुल्यांसाठी छळ झाल्याचे आरोपींनी दाखवून दिले आहे असे म्हटले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये असे त्या न्यायालयाने सांगितले आहे. पण एकोणीस वर्षांनंतर ज्या बायकांचे नवरे आणि मुले त्या डब्यांत गेली, त्यांच्या हाती काय आले? खाक्याने त्यांनाही फसवले.

गुरुग्रामच्या शाळेत २०१७ साली सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी लगोलग बसच्या कंडक्टरला धरले, लैंगिक अत्याचाराचा हेतू जोडला आणि त्याने कबुली दिल्याचे जाहीर केले. देश त्याला फाशी द्या म्हणू लागला. सीबीआयने तपास घेतल्यावर शाळेतलाच एक मोठा विद्यार्थी ताब्यात आला आणि कंडक्टर आरोपातून मुक्त झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. छळाने सत्य बाहेर येत नाही. छळ थांबावा म्हणून जे बोलावे लागते ते बाहेर येते. सासरच्या माणसांनी चोरीचा आळ घेऊन मारलेली सून 'हो, मीच घेतलं' म्हणते, हे आपल्या सल्लाकेंद्रात आपण किती वेळा ऐकले आहे!

तपास करायचे मार्ग आहेत : जागेचा नीट पंचनामा, न्यायवैद्यक पुरावा, फोनच्या नोंदी, साक्षीदारांचे संरक्षण. त्यांना माणसे, वेळ आणि पैसा लागतो. एका जमादाराच्या डोक्यावर तपासांचे ढीग आणि वरून 'दोन दिवसांत उघड करा' असा फोन, ही परिस्थिती खरी आहे. तिच्याविरुद्ध आपण पोलिसांच्या बाजूनेही बोलायला हवे. पण त्या ढिगाची किंमत फरशीवरच्या बाईने का चुकवायची?

'बलात्काऱ्याला काय ओवाळायचे?'

खरी अडचण इथे आहे. मुलीवर अत्याचार झाला की आपल्यातल्याही काही जणी निवेदनात लिहितात, 'आरोपीला पोलिसी खाक्या दाखवा.' काही तर म्हणतात, 'आमच्या ताब्यात द्या.' त्या रागाचे मोल मी कमी मानत नाही. कोर्टात वर्षानुवर्षे हेलपाटे घालून थकलेल्या बाईचा तो राग आहे. पण त्या रागाचे पीक कोण काढते ते पाहा.

हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये चार आरोपी 'चकमकीत' मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. न्या. विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की, त्यांना मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या. बदलापूरच्या चिमुरड्यांच्या प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पुढे पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले. त्या मुलींना मिळायला हवा होता तो खटला. त्यात शाळेचे काय चुकले, तक्रार घ्यायला उशीर का झाला, हे सगळे कोर्टात बोलले गेले असते. मुख्य आरोपीच्या खटल्यावरच पडदा पडला. यात मुलींचा बदला कसा पुरा झाला?

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. बलात्काऱ्यासाठी उचललेला पट्टा ठाण्यातच खुंटीला टांगलेला राहतो. तो पुढे कुणाच्या पाठीवर पडणार हे आपण ठरवत नाही.

'पण महिला पोलीस असतात ना!'

शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये आदेश दिले : स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, त्यावर महिला पोलिसांचा पहारा, आणि स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच. समाजकार्याची पदवी घेतलेल्या प्रत्येकीने हा निकाल वाचायला हवा. कोठडीत काय चालते हे बघून लिहून काढणे हे आपल्या पेशाचे काम आहे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. आज महिला कक्षांच्या निमित्ताने आपल्यातल्या अनेकींची खुर्ची पोलिसांच्या आवारातच असते. शेजारच्या खोलीतला आवाज ऐकू येईल इतकी जवळ.

पण तो आदेश पुरेसा नाही, हे भायखळ्याच्या महिला तुरुंगाने दाखवले. जून २०१७ मध्ये तिथे मंजुळा शेट्ये ही कैदी मेली. दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्याचा जाब विचारताना तिला अमानुष मारहाण झाली असा आरोप आहे. खुनाच्या आरोपाखाली अटक झालेल्या सहाही जणी तुरुंगातल्या अधिकारी आणि कर्मचारी स्त्रिया होत्या. मंजुळा कोण होती? भावजयीच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगणारी बाई. त्या भावजयीच्या बाजूने उभे राहायचे तर आपण मंजुळेच्या विरुद्ध घोषणा दिल्या असत्या, आणि ते योग्यच झाले असते. तरीही तुरुंगात तिच्याशी जे झाले त्याला छळच म्हणावे लागते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असा हिशेब इथे चालत नाही.

परभणीच्या दोन आया

वाटूरहून मंठा, जिंतूर करत परभणीला रस्ता जातो. त्या परभणीतल्या दोन आयांची नावे आपल्या पुढच्या प्रत्येक शिबिरात घेतली गेली पाहिजेत.

पहिल्या आसिया बेगम. त्यांचा इंजिनियर मुलगा ख्वाजा युनूस डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात धरला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सहआरोपीने कोर्टात सांगितले, त्याला कोठडीत कपडे उतरवून पट्ट्याने मारताना आणि रक्त ओकताना मी पाहिले. प्रेत कधीच मिळाले नाही. स्फोटाच्या खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. सीआयडीच्या तपासात १४ पोलिसांची नावे आली. सरकारने खटल्याला परवानगी दिली चौघांपुरती, आणि त्यातल्याही काहींना २०२० मध्ये पुन्हा नोकरीत घेतले.

दुसऱ्या विजयाबाई सूर्यवंशी. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत जे घडले, त्यात कायद्याचे शिक्षण घेणारा त्यांचा मुलगा सोमनाथ धरला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. सरकारने विधानसभेत सांगितले, मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण होते. सरकारने देऊ केलेले दहा लाख या माउलीने नाकारले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्धचे सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळले.

एक मुसलमान, एक दलित वस्तीतली. दोघी स्त्रीमुक्तीच्या कोणत्याही व्यासपीठावरून आलेल्या नाहीत. कोठडीतला छळ हा 'मानवी हक्कवाल्यांचा' विषय आणि घरातला छळ आपला, अशी वाटणी ज्यांनी केली असेल त्यांनी या दोघींकडे पाहावे. पुरुष कोठडीत मरतो, तेव्हा वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी झिजवते ती बाई.

आपण काय करायचे

पुढील गोष्टी प्रत्येक गटाने हाती घ्याव्यात असे मी सुचवते.

१. बाईला ठाण्यात 'बसवून' ठेवल्याचे कळताच दोघी-तिघींनी तिथे जावे आणि लेखी विचारावे : कोणत्या कलमाखाली, किती वाजल्यापासून? साक्षीदार म्हणून स्त्रीला तिच्या घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). नव्या कायद्यात 'स्वखुशीने आली तर' अशी फट ठेवली आहे. त्या फटीतून पुढे प्रत्येक बाई 'स्वखुशीने' आलेली दाखवली जाईल, म्हणून आधीच सावध व्हावे.

२. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते (कलम ४३). हे पोस्टर करून वस्तीवस्तीत लावावे.

३. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण जपण्याचा आदेश दिला आहे. घटना घडली की त्याच दिवशी चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

४. बाईचे म्हणणे, वळ असो वा नसो, त्याच दिवशी तिच्या शब्दांत लिहून घ्यावे : किती तास, झोप, अन्न, पाणी, कोणती धमकी, कुणासमोर. घरातल्या छळाची टिपणे आपण अशीच घेतो.

५. छळविरोधी कायद्याची मागणी आपल्या मागणीपत्रात वर आणावी. त्यात मानसिक छळ हवा, तिऱ्हाइताला दिलेला त्रास हवा, आणि खटल्यासाठी सरकारच्या परवानगीची अट नको.

६. आणि आपल्या कोणत्याही निवेदनात 'खाक्या दाखवा' हे शब्द येऊ देऊ नयेत. आरोपी कितीही नीच असला तरी.

१९८३ या एका वर्षात आपल्याला शीला बारसे निकाल मिळाला, कोठडीतल्या बलात्काराविरुद्ध कडक तरतूद मिळाली आणि ४९८-अ मिळाले. तेव्हाच्या बायकांना घर आणि ठाणे ही एकाच दगडी भिंतीची दोन टोके आहेत हे दिसत होते. नंतर आपण घराकडे वळलो आणि ठाण्याकडे पाठ झाली. तक्रार नोंदवायला आपण रोज ठाण्यात जातो. आता जाऊ तेव्हा फरशीकडेही पाहू. तिथे कुणी बसलेली असेल, तर आधी तिची वेळ लिहून घेऊ आणि मग आपली तक्रार देऊ.

— वाटूर, ता. परतूर, जि. जालना